चित्र काचेवर ठेवण्यापूर्वी

गेल्या वर्षीच्या वार्षिक अंकातील रंगीत पानांवर आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे जलरंगातील निसर्गचित्र छापले होते. वाईच्या घाटावरची पहाट. कृष्णेच्या पाण्यावर धुके उतरलेले, त्यात ढोल्या गणपतीचे देऊळ अर्धे बुडालेले, आणि धुक्याच्या वरच्या कडेला लिंबाच्या सालीसारखा अगदी पुसट पिवळा हात. अंक हाती आला तेव्हा देऊळ होते, पायऱ्या होत्या, धुके मात्र नव्हते. धुक्याच्या जागी कोरा कागद होता. चित्र जेथे स्कॅन करून घेतले होते त्या दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "मूळ चित्रच फिके आहे, त्याला मशीन काय करणार?"

मूळ चित्र आमच्या हातात होते. ते फिके नव्हते.

एवढ्यावरच हे प्रकरण मिटले असते. पण यंदा दुसरीच एक जबाबदारी अंगावर आली. आमच्या चित्रकला विभागातील मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात १९७० ते १९८५ या काळातील विद्यार्थ्यांनी केलेल्या चित्रांचे गठ्ठे आहेत: आठवड्याचा बाजार, एस. टी. स्टँड, रसाचे गुऱ्हाळ, गणपतीच्या मिरवणुकीचे आराखडे. कागद पिवळे पडले आहेत, काहींना कसर लागली आहे, आणि पोस्टर कलरने केलेल्या चित्रांवरचा रंग गठ्ठा उघडताना पापुद्र्यांनी सुटतो. सरांनी आम्हां दोघांना बोलावून सांगितले, "ही चित्रे काचेवर एकदाच ठेवायची. दुसऱ्यांदा ठेवण्याइतका जीव त्यांच्यात नाही. तेव्हा कोणत्या यंत्रावर ठेवायची, ते आधी नक्की करा." आमच्या आवाक्यात तीन यंत्रे होती. एक महाविद्यालयाच्या कार्यालयातील चपटे, हलके यंत्र. दुसरे गावातील जुन्या फोटो स्टुडिओतील, ज्याचे मालक आम्हांला अण्णा म्हणूनच माहीत. आणि तिसरे एका डिजिटल छपाई करणाऱ्यांकडील मोठ्या काचेचे. मे महिन्याची सुट्टी आम्ही या तिघांची परीक्षा घेण्यात घालवली. त्या परीक्षेतून जे उमगले, ते येथे मांडीत आहे. चित्रांवर, जुन्या छायाचित्रांवर काम करणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा.

आधी हे यंत्र करते काय, ते थोडक्यात सांगतो. काचेखाली एक गाडा सरकत असतो. त्यावरचा दिवा चित्राच्या एका अरुंद पट्टीवर तिरका प्रकाश टाकतो. परत आलेला प्रकाश आरशांवरून वळत वळत एका भिंगातून जातो आणि प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या रांगेवर पडतो. या रांगेला सीसीडी म्हणतात. एक ओळ मोजून झाली की गाडा केसभर पुढे सरकतो. म्हणजे स्कॅनर चित्राचा फोटो काढीत नाही. तो चित्र ओळीओळीने वाचतो. सीसीडीचा शोध बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी १९६९ साली लावला आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७६ साली रे कर्झवाईल यांनी अंधांसाठी वाचनयंत्र जाहीर केले, त्यासाठी सीसीडी बसवलेला सपाट काचेचा स्कॅनर तयार झाला. त्याच्याही आधी, १९५७ साली, अमेरिकेत रसेल कर्श यांनी फिरत्या नळकांड्यावर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे पाच सेंटिमीटरचे छायाचित्र गुंडाळून संगणकात घेतले होते. ते चित्र १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचे होते. आज पासपोर्टचा फोटोसुद्धा त्याहून तपशीलवार लागतो. असो.

दुसरा प्रकार सीआयएस. त्यात आरसे नाहीत, मोठे भिंग नाही. मोजणाऱ्या घटकांची रांग कागदाइतकीच रुंद असते आणि ती काचेला जवळजवळ चिकटून सरकते. यंत्र पातळ होते, वीज कमी लागते, किंमतही उतरते. पण त्याची नजर अगदी जवळची. कागद काचेवरून किंचित उचलला गेला की चित्र धूसर झालेच. हे ऐकीव ठेवू नये म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. पोलादी फूटपट्टीचे एक टोक काचेवर टेकवले आणि दुसऱ्या टोकाखाली नाणी रचून ते उंच केले. मग झाकण उघडेच ठेवून स्कॅन केले. पट्टीवरच्या खुणा कोठपर्यंत ओळखू येतात हे पाहिले की यंत्राची नजर किती खोल पोचते ते समजते. कार्यालयातील यंत्रावर एक मिलिमीटर उंचीच्या आतच खुणा एकमेकींत मिसळू लागल्या. अण्णांच्या यंत्रावर पाच-सहा मिलिमीटरपर्यंत त्या वाचता आल्या. सपाट, गुळगुळीत अर्ज आणि गुणपत्रिका यांना पहिले यंत्र पुरेसे आहे. जलरंगाने फुगून लाटा आलेल्या कागदाला, माऊंटमध्ये बसवलेल्या चित्राला किंवा अल्बमच्या जाड पानावर डकवलेल्या फोटोला ते चालणार नाही. कागद सपाट व्हावा म्हणून झाकणावर वजन ठेवतात, ते तर आमच्या चित्रांच्या बाबतीत पापच. कार्यालयातील यंत्र येथेच बाद झाले.

आता त्या आकड्याकडे येऊ, ज्याच्यावर सगळी दुकानदारी चालते. तो म्हणजे डीपीआय, एका इंचात किती ठिपके. खोक्यावर ४८००, ६४००, ९६०० असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. त्याहून मोठा आकडा कंसात दिसला तर तो बहुधा अंदाजाने भरलेल्या ठिपक्यांचा असतो. म्हणजे दोन मोजलेल्या ठिपक्यांमध्ये यंत्राने मनाने टाकलेला तिसरा. तो विचारातच घेऊ नये. पण अस्सल म्हणवणारा आकडासुद्धा पुरते सत्य सांगत नाही. फूटपट्टीवर मिलिमीटरच्या जागी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या खुणा कोरल्या, म्हणून आपल्या डोळ्यांना तेवढे बारीक मोजता येत नाही. तसेच रांगेत घटक किती आहेत हे एक, आणि भिंगाने त्यांच्यावर किती स्पष्ट प्रतिमा पाडली हे दुसरे.

हे मोजण्यासाठी अमेरिकन हवाईदलाने १९५१ साली ठरवलेला रेषांचा एक तक्ता वापरतात. त्यात तीन-तीन काळ्या रेषांचे गट क्रमाक्रमाने बारीक होत जातात. ज्या गटातील रेषा शेवटच्या सुट्या दिसतात, तेथे यंत्राची मर्यादा आली असे समजायचे. पाचव्या गटातील चौथी जोडी म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ रेषाजोड्या. प्रत्येक जोडीला किमान दोन ठिपके हवेत आणि इंचाचे २५.४ मिलिमीटर होतात. हिशेब केला की २३०० डीपीआय येतात. एप्सनच्या व्ही ७०० सारख्या नावाजलेल्या यंत्रावर ६४०० हा आकडा छापलेला असे. पण स्वतंत्र परीक्षकांनी असे तक्ते ठेवून पाहिले तेव्हा प्रत्यक्ष तपशील त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. घटक खरोखरीच तितके आहेत. फक्त घेणाऱ्याला जे हवे असते, ते त्या आकड्यात नाही.

तक्ता हाताशी नसेल तर फुकटची परीक्षा अशी. एकच छायाचित्र ६०० वर, १२०० वर आणि २४०० वर स्कॅन करावे. ६०० चे चित्र संगणकावर मोठे करून २४०० च्या मापाला आणावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. पापणीचा केस, साडीच्या काठाची वीण, पाटीवरचे अक्षर यांत नवे काही दिसते का? आम्ही स्टुडिओतील जुने पोस्टकार्ड आकाराचे काळे-पांढरे छायाचित्र घेतले होते. ६०० आणि १२०० मध्ये शोधूनही फरक सापडेना. २४०० वर एकच नवी गोष्ट दिसली: कागदाच्या पृष्ठभागावरची धूळ.

आणि लागते तरी किती? चांगल्या रंगीत छपाईला छापील मापात इंचाला ३०० ठिपके पुरतात. चित्र दुप्पट मोठे छापायचे असेल तर मूळ ६०० वर स्कॅन करावे. ए-४ कागद ६०० वर स्कॅन केला की ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. साध्या आठ बिटांच्या रंगीत फाइलला सुमारे १०४ मेगाबाइट जागा लागते, सोळा बिटांच्या फाइलला त्याच्या दुप्पट. हाच कागद २४०० वर घेतला तर सगळे सोळा पट. आमच्या विभागातील संगणकाने असली एक फाइल उघडताना जो आवाज काढला, तो ऐकून शिपाईकाका पंखा बंद करायला धावले!

धुके कोठे गेले, याचा शोध मात्र डीपीआयमध्ये लागला नाही. त्यासाठी उजेड-काळोखाच्या आवाक्याकडे वळावे लागले. पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग परत आला तर घनता १ धरतात, शंभरावा भाग आला तर २, हजारावा आला तर ३, दहा हजारावा आला तर ४. खोक्यावर डीमॅक्स म्हणून ३.४, ३.८, ४.० असे जे लिहितात, ती यंत्राला ओळखता येणाऱ्या सर्वांत गडद काळोखाची घनता. कागदावरच्या चकचकीत छायाचित्रातील सर्वांत काळी जागा २ च्या थोडी पुढे असते. जलरंगातील काळा त्याच्याही बराच अलीकडे राहतो. रंगीत स्लाईडचा काळोख मात्र ३ च्या पुढे जातो. म्हणून स्लाईड स्कॅन करणाऱ्याने या आकड्याची चौकशी जरूर करावी. कागदावर काम करणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. काळोख पाहायचाच तर असा पाहावा: गडद भागाचे स्कॅन संगणकावर मुद्दाम उजळ करावे. तेथे रंगीत वाळू विखुरल्यासारखे दिसले, किंवा गाडा सरकतो त्या दिशेने उभे पट्टे दिसले, तर यंत्र काळोखात चाचपडते आहे असे समजावे.

धुक्याचा प्रश्न उलट टोकाचा होता, काळ्याचा नव्हे तर पांढऱ्याचा. मी मैत्रिणीकडून ते चित्र पुन्हा मागून आणले. आठ बिटांच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, ० ते २५५. धुके पसरले होते २३५ ते २५० च्या दरम्यान, म्हणजे सगळे धुके पंधरा-सोळा पायऱ्यांत. स्कॅनरबरोबर येणाऱ्या प्रणालीत आपोआप सुधारणा करण्याची एक चौकट असते आणि ती बहुतेक ठिकाणी आधीच खूण केलेली असते. कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळेभोर दिसावे हा तिचा हेतू. हिशेबाच्या कागदाला ते ठीक. पण ती चित्रातील सर्वांत उजळ भाग हुडकते आणि त्याला २५५ करून टाकते. त्याच्या आसपासचेही त्याच्याबरोबर जातात. आम्ही ती खूण काढली, सोळा बिटांवर स्कॅन केले आणि धुके परत आले. पिवळ्या हातासकट. सोळा बिटांत पायऱ्या ६५,५३६; मागाहून धुके थोडे गडद करायचे झाले तरी मध्ये पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत.

गंमत अशी की हा प्रयोग आम्ही कार्यालयातील त्या बाद ठरवलेल्या यंत्रावरच केला होता. म्हणजे गेल्या वर्षी धुके खाल्ले ते यंत्राने नव्हे, चौकटीतल्या एका खुणेने. यावरून आम्ही एक शिस्त लावून घेतली. कोणत्याही यंत्राची परीक्षा करताना आधी सगळ्या सुधारणा बंद करायच्या: रेषा धारदार करणे, रंग खुलवणे, धूळ पुसणे, सगळे. नाहीतर आपण यंत्राची परीक्षा करीत नसतो, त्याच्या प्रसाधनाची करीत असतो.

रंगांची परीक्षा सर्वांत कष्टाची आणि, खरे सांगायचे तर, सर्वांत आनंदाची. रीत अशी आहे की मोजून ठेवलेल्या रंगांचा एक तक्ता स्कॅन करायचा. आयटी-८ नावाच्या तक्त्यात अडीचशेहून अधिक रंगचौकोन असतात; १९७६ साली निघालेल्या मॅकबेथच्या प्रसिद्ध तक्त्यात चोवीस. प्रत्येक चौकोनाचा खरा रंग आकड्यांत माहीत असतो. यंत्राने काय वाचले आणि खरे काय, यांतील अंतराला डेल्टा-ई म्हणतात. ते १ च्या आसपास असेल तर डोळ्याला जेमतेम कळते. या अंतरांवरून संगणक त्या यंत्राचा गुणदोषांचा नकाशा बनवतो, त्यालाच प्रोफाईल म्हणतात, आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनमधील चूक त्यानुसार दुरुस्त करतो. अण्णांकडे असा एक तक्ता होता, काळ्या पाकिटात, उन्हापासून जपून ठेवलेला. त्यांनी तो आमच्या हाती दिला नाही; स्वतःच काचेवर ठेवला. ते बरोबरच होते. बोटांचे ठसे उमटलेला तक्ता काही कामाचा राहत नाही.

परंतु तक्ता छायाचित्राच्या कागदावर छापलेला असतो आणि आमची चित्रे जलरंगाची, पोस्टर कलरची. डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले, तर स्कॅनरच्या तांबड्या-हिरव्या-निळ्या गाळण्यांना ते वेगळे दिसू शकतात. म्हणून सरांच्या सूचनेवरून आम्ही आमचाच एक तक्ता केला. विभागात वापरले जाणारे सगळे रंग एका कागदावर चौकोनात लावले: प्रत्येक एकदा दाट, एकदा पाणी घालून पातळ. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, क्रिम्झन, पिवळी माती, हिरवे दोन, पोस्टर कलरमधील तो झगझगीत गुलाबी, आणि शेवटी सोनेरी. स्कॅन केल्यावर तक्ता खिडकीशी धरून पडद्याशी ताडून पाहिला. पडदा आधी नीट जुळवलेला हवा, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही. माती रंग, तांबडे, हिरवे दोन्ही यंत्रांवर फारसे हलले नाहीत. एका यंत्रावर कोबाल्ट जांभळ्याकडे झुकला, तो प्रोफाईलने बराचसा ताळ्यावर आला. झगझगीत गुलाबी कशानेच आला नाही. तो रंग अंगावर पडलेला अदृश्य प्रकाशही दृश्य करून परत देतो. स्कॅनरच्या दिव्यात तो प्रकाश असेलच असे नाही, आणि छपाईच्या चार शाईंत तर तो रंग मुळातच नाही.

आणि सोनेरी! गणपतीच्या मुकुटाला लावलेले सोने पडद्यावर ओल्या मेंदीसारखे तपकिरी दिसत होते. कारण समजले तेव्हा मात्र राग गेला. स्कॅनरचा दिवा मुद्दाम तिरका लावलेला असतो, म्हणजे चकचकीत कागदावरची तिरीप भिंगात शिरू नये. सोन्याचे सोनेपण त्या तिरिपेतच असते. यंत्राने तिरीप टाळली, तिच्याबरोबर सोनेही टाळले. ज्याच्याकडे वर्ख लावलेली चित्रे असतील त्याने स्कॅनरच्या भानगडीत न पडता कॅमेरा आणि नीट लावलेले दिवे यांकडे जावे.

दिवा तिरका असण्याचा आणखी एक परिणाम आहे. जलरंगाचा कागद खडबडीत असतो. प्रकाश एकाच बाजूने आला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि स्वच्छ आकाशातही वाळू पेरल्यासारखी दिसते. परीक्षा सोपी आहे: कोरा खडबडीत कागद एकदा सरळ व एकदा पाव फेरा फिरवून स्कॅन करावा आणि दोन्हींतील पोत पाहावा. ज्या यंत्रात दोन्ही बाजूंनी प्रकाश येतो त्यावर फरक थोडा राहतो. रेशमी पोताच्या कागदावर छापलेली जुनी रंगीत छायाचित्रे, अनेकांच्या घरी लग्नाच्या अल्बममध्ये असतात ती, याच कारणाने स्कॅनरवर ठिपक्याठिपक्यांची येतात. तेथे मी स्वतः पूर्ण यश मिळालेले पाहिले नाही.

छापील चित्रांचे दुखणे निराळे. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. त्या काळातील अंकांची मुखपृष्ठे ठोकळ्यांवरून छापलेली, म्हणजे जाळीच्या ठिपक्यांची. स्कॅनरचे ठिपके आणि जाळीचे ठिपके एकमेकांवर आले की पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटते. जाळी काढून टाकण्याची सोय प्रणालीत असते, पण तिच्याबरोबर धारही जाते. आधी जास्त ठिपक्यांवर स्कॅन करून मग माप लहान करणे आम्हांला बरे वाटले.

निगेटिव्हविषयी थोडेच सांगतो. त्यासाठी झाकणात वेगळा दिवा लागतो, तो अण्णांच्या यंत्रात आहे. रंगीत फिल्मवरची धूळ ओळखायला काही यंत्रे अवरक्त किरण वापरतात. रंगद्रव्यातून ते आरपार जातात आणि धुळीला अडतात. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवर ही युक्ती चालत नाही. तेथे चित्रच चांदीच्या कणांचे असते आणि चांदी त्या किरणांनाही अडवते. तेथे हवा मऊ ब्रश आणि भरपूर वेळ.

उरलेल्या परीक्षा किरकोळ पण सोडू नयेत अशा. सपाट करड्या कागदाचे स्कॅन करून चारही कोपरे मध्याइतकेच उजळ आहेत का ते पाहिले. फूटपट्टी आडवी आणि उभी ठेवून दोन्हीकडे माप सारखे येते का ते पाहिले. एकच चित्र यंत्र थंड असताना आणि अर्ध्या तासाने घेऊन रंग सरकतो का ते पाहिले. जुन्या, नळीच्या दिव्याच्या यंत्रांना तापायला वेळ लागतो, एलईडीच्या यंत्रांना लागत नाही.

शेवटी निकाल कशावर लागला? इतक्या खटाटोपानंतर तो लागला काचेच्या मापावर. आपल्याकडील विद्यार्थ्यांची चित्रे कोणत्या मापाची असतात ते आपणां सर्वांना माहीत आहे. पाव इम्पिरियल कागद अकरा गुणिले पंधरा इंच, अर्धा इम्पिरियल पंधरा गुणिले बावीस. ए-४ यंत्राची काच साडेआठ गुणिले पावणेबारा इंच. पाव इम्पिरियल चित्र तिच्यावर दोन तुकड्यांत घ्यावे लागते, आणि घेताना कागद काचेच्या उंच कडेवरून बाहेर लोंबतो. कडेपाशी तो उचलला जातो आणि जोड यायचा नेमका तोच भाग धूसर होतो. शिवाय पापुद्रे सुटणारे चित्र दोनदा उचलायचे, सरकवायचे! ए-३ काचेवर ते एका वेळी, सपाट बसते. अर्धा इम्पिरियल दोन तुकड्यांत येतो.

यंत्रे बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे असे दिसते. एप्सनच्याच दोन यंत्रांची माहितीपत्रके शेजारी ठेवून पाहा. व्ही ८५० वर काच ए-४ ची, आकडा ६४००, डीमॅक्स ४.०. कितीतरी महाग असलेल्या एक्स्प्रेशन १२०००एक्सएल वर काच ३१० गुणिले ४३७ मिलिमीटरची, आणि आकडा २४००, डीमॅक्स ३.८. छापील आकड्यांवरून निवड करणारा माणूस स्वस्त यंत्राला वरचढ ठरवील. ज्याच्याकडे निगेटिव्ह आहेत त्याच्यापुरते ते बरोबरही असेल. आमच्याकडे निगेटिव्ह नव्हत्या, गठ्ठे होते.

तेव्हा आम्ही तिसरे, मोठ्या काचेचे यंत्र निवडले. त्याच्या काळोखात अण्णांच्या यंत्रापेक्षा थोडी अधिक वाळू दिसते, कोबाल्ट जांभळ्याकडे झुकतो तो त्याच्यावरच, हे आम्ही सरांना लेखी दिले आहे. पहिल्यांदा सरांना ते पटले नाही. अण्णांचे यंत्र कसोटीत वरचढ ठरले असताना ते का सोडायचे, असे त्यांनी विचारले. मी त्यांना काचेच्या मापाचा पुठ्ठा कापून दिला आणि त्यावर बाजाराचे ते मोठे चित्र ठेवायला सांगितले. त्यांनी ठेवले, एक कडा खाली आली, तेलाच्या घाणीजवळचा शेंदरी पापुद्रा त्यांच्या बोटाला लागला. मग त्यांनी पुन्हा विचारले नाही.

जुलै अखेरपर्यंत एकशे बेचाळीस चित्रे घेऊन झाली: ४०० डीपीआय, सोळा बिट, टिफ फाइल, प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला आमचा रंगतक्ता, प्रत्येक चित्राशेजारी करडी पट्टी. मूळ फाइलला कोणी हात लावायचा नाही, छपाईसाठी प्रत काढून घ्यायची, असे ठरले आहे. एकवीस चित्रे आम्ही काचेवर ठेवलीच नाहीत. त्यांत खडूची नऊ आहेत, बाकीची पोस्टर कलरची, उलटी धरली तर रंग खाली पडेल अशी. स्कॅनरवर चित्र पालथे घालावे लागते, ही साधी गोष्ट इतके दिवस आमच्या लक्षातच आली नव्हती. ती पातळ कागदात गुंडाळून आडवी ठेवली आहेत. वरून कॅमेरा लावता येईल असा खांब आणि दोन दिवे मिळाले की त्यांचे काम करू.

या अंकाच्या रंगीत पानांवर त्या गठ्ठ्यातील सहा चित्रे आणि वाईचा घाट पुन्हा एकदा दिला आहे. छापखान्याला फाइलबरोबर कागदावरचा नमुनाही पाठवला आहे आणि धुक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आहे. हा लेख देईपर्यंत त्या पानांचा फर्मा आलेला नाही.